तिसऱ्या खड्ड्याचा रंग

१

सहा महिन्यांचं बाळ निळं पडलं. आधी ओठ, मग नखं, मग सगळा चेहराच. आईने त्याला छातीशी धरलं आणि अनवाणी दवाखाना गाठला. डॉक्टर तयारीचे होते. त्यांनी बाळाला ऑक्सिजन लावता लावताच विचारलं, "बाटलीतलं दूध कुठल्या पाण्यात कालवता?"

"घरच्या विहिरीच्या."

विहिरीचं पाणी तपासलं तर त्यात नायट्रेट, आणि तेही थोडंथोडकं नाही. मोठ्या माणसाला ते पाणी पचून जातं, तान्ह्या बाळाचं रक्त मात्र नासवतं. बाळ वाचलं, पण दवाखान्यातून सुटलं नव्हतं.

आता नायट्रेट काही आभाळातून पडत नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला एक शेत होतं आणि त्या शेतावर सहा आठवड्यांपूर्वी शहराच्या मैलापाणी केंद्रातला गाळ पसरला होता. खत म्हणून गाळ चांगला, पण कुठल्याही जमिनीवर टाकून चालत नाही. आधी माती बघायची, उतार बघायचा, विहिरी मोजायच्या, पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी किती वर येतं ते बघायचं. हे सगळं बघून, कचेरीसाठी माती तपासणाऱ्या मास्तरांनी त्या शेताला मंजुरी दिली होती आणि मास्तरांची मंजुरी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मग चूक कुणाची? कचेरीला जास्त डोकं खाजवावं लागलं नाही. मास्तरांनी विहिरीकडची चाळीस मीटर पट्टी वगळून हद्दीला झेंडे रोवले होते. गाळ पसरणारा टँकरवाला झेंडे ओलांडून त्या पट्टीत शिरला असणार. सोमवारी सुनावणी. परवाना जाणार, वर पोलीस केस.

"बाई, फक्त कागदावर आणायचंय," मोठे साहेब फाइल पुढे सरकवत म्हणाले. "रविवारपर्यंत अहवाल द्या."

ज्यांच्यापुढे फाइल सरकली त्यांना सगळी कचेरी मातीबाई म्हणायची. वय बावन्न, लग्न नाही, भाड्याची एक खोली, नखांत कायम माती. जेवताना समोर कुणी नसे म्हणून त्या फाइल उघडी ठेवून जेवत. त्या संध्याकाळीही तेच केलं. शेवटच्या पानावरची सही बघितली आणि घास हातातच राहिला. माती वाचायला त्यांना ज्यांनी शिकवलं, त्या मास्तरांचीच सही. त्यांच्याकडे बाई दोन वर्षांत फिरकल्या नव्हत्या.

२

टँकरवाला आपल्या दारात उकिडवा बसला होता. बाई आल्या तरी उठला नाही.

"काय विचारायचं ते विचारा. ठरवलंय तर तुम्ही आधीच."

"झेंडे कुठवर होते?"

"होते तिथवर! मी झेंड्याच्या आतच टँकर फिरवला. बाई, मलाही लेकरं आहेत. विहिरीच्या अंगावर घाण सोडायला मी काय राक्षस आहे?"

"मग झेंडे आता कुठे आहेत?"

"ते शेतमालकाला विचारा."

शेतमालकाने झेंड्यांच्या काठ्या टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून लावल्या होत्या. चांगल्या काठ्या वाया कशाला घालवायच्या, असं त्याचं म्हणणं. मास्तरांवर त्याचा राग मात्र होता. "एवढी चाळीस मीटर पट्टी कापली माझी! फुकटचं खत गेलं. मी किती हातापाया पडलो, पण म्हातारा ऐकेल तर शपथ."

"माती तपासायचे खड्डे कुणी खणले?"

"मीच. माझ्या यंत्राने. त्यांनी खुणा केल्या, मी खणले."

बाईंनी ते मनात टिपून ठेवलं. यंत्र मालकाचं असलं तर खड्डा खुणेवर न खणता सोयीच्या जागी, कोरड्या उंचवट्यावरही खणता येतो.

केंद्राचा व्यवस्थापक तिसरा. त्याच्या टाक्या काठोकाठ भरल्या होत्या, गाळ टाकायला जमीन हवी होती आणि मास्तरांचा अहवाल चार दिवस त्याच्याच खणात होता. "चार दिवस कशाला?" म्हटल्यावर तो पेन उघडू लागला, बंद करू लागला.

"रजेवर होतो, बाई."

"आणि खणाची किल्ली?"

"माझ्याकडेच." आणि मग, कुणी न विचारता, "पण मी पान बदललेलं नाही."

पान बदललंय असं बाई कुठे म्हणाल्या होत्या?

३

मास्तरांच्या घरी दोन खुर्च्या होत्या. एकीवर मास्तर बसत, दुसरीवर वर्तमानपत्रांचा ढीग होता. ढीग उचलून खाली ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

"ये, ये. कोण मेलं म्हणून आलीस?"

"कुणी नाही, मास्तर."

"मग नोकरी गेली असेल." ते हसले. सत्तरी उलटली तरी आवाज खणखणीत होता. बायको गेल्यावर माणूस खचतो, पण मास्तर उलट कंत्राटावर जास्तच कामं घेऊ लागले होते. त्यांनी बाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हा तपकिरी स्वेटर छान आहे हो तुझा. मातीवाल्यांनी मातीच्याच रंगाचे कपडे घालावेत, मी सांगायचो की नाही?"

बाईंच्या अंगात निळा स्वेटर होता. चार वर्षांपूर्वी स्वतःच स्वतःला वाढदिवसाला घेतलेला. मास्तरांची चेष्टेची जुनी खोड, म्हणून त्या हसल्या.

अहवालाची गोष्ट निघाली तशी मास्तरांनी कपाटातून स्वतःची नक्कल काढली आणि खिडकीशी धरून घडाघडा वाचली. "खड्डा तिसरा. अडीच हातांखाली बारीक रेती, बोटांत खसखसते. उतार विहिरीकडे. विहीर एकशे साठ मीटर. रंग तळापर्यंत तपकिरी, ठिपके नाहीत. बास! यात काय चुकलं?"

शब्दाला शब्द तोच. म्हणजे व्यवस्थापकाने पान बदललं नव्हतं.

"चष्मा कुठे गेला तुमचा?" बाईंनी विचारलं.

"सुटला! दीड वर्ष झालं. वीस वर्षं वाचायला चष्मा लागायचा, आता मुंगीच्या पावलाएवढं अक्षर वाचतो. म्हातारपण उलटं फिरलंय माझं."

निघताना मास्तर फाटकापर्यंत आले. "परत कधी येशील?" असं विचारलं आणि लगेच स्वतःच म्हणाले, "नाही, काम असतं तुला." बाईंना ते फार लागलं. आपण ज्यांचं खाल्लं, ज्यांच्याकडून शिकलो, त्यांना आपण वाऱ्यावर सोडलं असं त्यांना पूर्ण रस्ताभर वाटत राहिलं.

४

शनिवारी बाई एकट्याच शेतावर गेल्या. नकाशा, फावडं, पाण्याची बाटली आणि रंगवही. रंगवही म्हणजे मातीच्या रंगांच्या टिकल्या चिकटवलेली वही. मातीचं ओलं ढेकूळ टिकलीशेजारी धरायचं आणि जुळेल तो रंग लिहायचा. नवख्यांना हे पोरखेळ वाटतं, पण मातीचा रंग म्हणजे पाण्याची हजेरी. पावसाळ्यात जिथवर पाणी चढून मुक्काम ठोकतं तिथवर माती राखाडी पडते आणि तिच्यात गंजासारखे तांबूस ठिपके उठतात. उन्हाळ्यात पाणी खाली उतरतं, खड्डा ठणठणीत कोरडा असतो, पण रंग जात नाही. दीड मीटरच्या आत राखाडी दिसली की त्या जमिनीवर गाळ टाकायचा नाही. सरळ हिशेब.

नकाशावरची तिसरी जागा सापडायला वेळ लागला नाही. भरलेल्या खड्ड्यावर तण वेगळं उगवतं. खणून खणून कंबर मोडली तेव्हा फावडं खट्कन कशावर तरी वाजलं. पांढऱ्या फरशीचा तुकडा. बाईंनी तो पुसला. मागे तारीख होती, मास्तरांच्या हातची.

ही मास्तरांची पद्धत. खड्डा बुजवण्याआधी तळाशी खुणेचा तुकडा ठेवायचा, म्हणजे पुढे कुणी संशय घेतला तर आपण उभे होतो ती जागा सापडावी. या पद्धतीवरून पोरं त्यांना हसत आणि बाईही हसल्या होत्या. आज हसू आलं नाही. शेतमालकाने खड्डा दुसरीकडे खणला, हा संशय गेला. मास्तर इथेच, याच खड्ड्यात उभे होते.

मग बाईंनी खड्ड्याची बाजू चाकूने तासली, पाणी शिंपडलं आणि बघतच राहिल्या.

कोपरभर खोलीपासून खालपर्यंत माती राखाडी होती. राखेसारखी, आणि तिच्यात तांबूस ठिपकेच ठिपके. शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं. टँकरवाला झेंड्यांच्या आत फिरला काय आणि बाहेर फिरला काय, हे सगळं शेतच गाळासाठी नालायक होतं. सरत्या पावसाळ्यात इथलं पाणी कोपराएवढ्या खोलीपर्यंत आलं असणार, गाळातलं जे होतं ते घेऊन रेतीतून थेट विहिरीत उतरलं असणार.

आणि या मातीसमोर उभं राहून मास्तरांनी लिहिलं होतं: तळापर्यंत तपकिरी, ठिपके नाहीत.

बाई खड्ड्याच्या काठावर बसल्या. बाप खोटं बोलताना सापडावा तसं झालं त्यांना.

५

रविवारी सकाळी त्या दवाखान्यात गेल्या. बाळ झोपलं होतं. आई जागीच होती, आणि कचेरीची माणसं आली की तिचं डोकं सणकायचं.

"त्या मास्तरांना पाठवा ना इकडे! डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलले ते."

"ते तुमच्याकडे आले होते?"

"आले होते की. गाळ टाकून महिना झाला तेव्हा. स्वतःहून आले. विहिरीत डोकावले, पाण्याचा वास घेतला, चव घेतली, म्हणाले ठीक आहे. मी म्हटलं, बाळाचा रंग मला बरा दिसत नाही, ओठ निळसर वाटतात. त्यांनी मांडीवर घेतलं त्याला, खिडकीशी नेलं, चांगलं निरखून बघितलं." तिचा आवाज फाटला. "म्हणाले, छान गहूवर्णी आहे, उगाच काळजी करतेस पोरी. सासूबाई म्हणत होत्या दवाखान्यात ने. मी म्हटलं, एवढा शिकलेला माणूस सांगतोय. दोन दिवस थांबले मी. दोन दिवस!"

"त्यांनी बाळाला मांडीवर किती वेळ घेतलं होतं?"

"बराच वेळ. खाली ठेवायला तयार नव्हते. म्हणाले, घरात माणसाचा आवाज ऐकून किती दिवस झाले." आईने बाळाचं पांघरूण सारखं केलं. "लबाड माणूस असं का वागेल, हेच मला कळत नाही."

बाईंना कळलं. त्या उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

६

आता सगळं ओळीने मांडून बघा, बाईंनी दवाखान्याच्या बाकावर बसून मांडलं तसं.

मास्तरांनी लाच खाल्ली किंवा दबाव घेतला असं धरलं, तर त्यांनी अहवालात खोटं कुठे लिहायला हवं होतं? रेती आहे, हे लपवायला हवं होतं. ते त्यांनी लिहिलं. उतार विहिरीकडे आहे, तेही लिहिलं. विहिरीचं अंतर बाईंनी स्वतः मोजलं, एकशे साठ म्हणजे एकशे साठ. वर मालक पाया पडत असताना चाळीस मीटर पट्टी कापली. ज्याला शेत पास करायचंय तो असा वागतो? आणि खोटं लिहिणारा माणूस स्वतःच्या खोट्याखाली तारखेची फरशी पुरून ठेवतो?

बोटांना कळेल ते सगळं बरोबर होतं. पावलांनी मोजता येईल ते बरोबर होतं. अहवालात एकच गोष्ट चूक होती, रंग. राखाडी मातीला तपकिरी म्हटलं, निळ्या बाळाला गव्हाळ म्हटलं, निळ्या स्वेटरलाही तपकिरी म्हटलं, आणि ती चेष्टा नव्हती.

पण मग चष्मा कसा सुटला? तिथेच बाई अडल्या होत्या. तळमजल्यावर डोळ्यांचे डॉक्टर बसत. बाईंनी त्यांना गाठून विचारलं, सत्तरीत वाचायचा चष्मा सुटला तर ते चांगलं ना?

"कसलं चांगलं?" डॉक्टर म्हणाले. "मोतीबिंदू पिकताना असं होतं. डोळ्यातलं भिंग घट्ट होतं, जवळचं काही काळ मस्त दिसतं. लोक खूश होतात आणि डॉक्टरकडे येतच नाहीत. पण भिंग पिवळट-तपकिरी झालेलं असतं. निळं, राखाडी सगळं मळकं दिसायला लागतं. आणि इतकं हळूहळू होतं की माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. घरचे कुणीतरी सांगतात, अहो, हा मोजा काळा नाही, निळा आहे. तेव्हा कळतं."

"आणि घरी कुणी नसलं तर?"

डॉक्टरांनी खांदे उडवले. "तर नाही कळत. उपाय काय, अर्ध्या तासाचं ऑपरेशन."

७

"माझा स्वेटर कुठल्या रंगाचा आहे, मास्तर?"

"परवाच सांगितलं ना? तपकिरी."

"निळा आहे."

मास्तर हसले, आणि बाई हसत नाहीत असं दिसल्यावर थांबले. मग बाईंनी सगळं सांगितलं. खड्डा सांगितला, फरशी सांगितली, बाळ सांगितलं. सांगताना आपण एका म्हाताऱ्या माणसाच्या हातून त्याची शेवटची काठी काढून घेतोय हे त्यांना समजत होतं, पण टँकरवाल्याची लेकरंही डोळ्यांपुढे येत होती.

"चाळीस वर्षं!" मास्तर ओरडले. "चाळीस वर्षं माती वाचतोय मी! तू मला रंग शिकवणार? चालती हो!"

बाई हलल्या नाहीत. त्यांनी रंगवही उघडली, दोन टिकल्या सोडून बाकी सगळ्यांवर हात ठेवला. एक राखाडी, एक तपकिरी.

"यातली तपकिरी कुठली?"

मास्तरांनी वही खिडकीशी नेली. जवळ धरली, लांब धरली. बराच वेळ गेला. मग वही मिटून खाली ठेवली.

"दोन्ही," ते म्हणाले.

मग ते खुर्चीत बसले आणि आवाज अगदी लहान झाला. "ती असताना मोजे तीच जुळवायची. हे काळे, हे निळे. ती गेली आणि सगळंच मळकट दिसायला लागलं. मला वाटलं, दुःखात असंच दिसत असेल माणसाला. कुणाला विचारणार? घरात होतं कोण?"

बाईंना हुंदका आवरला नाही. "मी यायला हवं होतं हो, मास्तर. दोन वर्षांत एकदा जरी आले असते..."

"आली नाहीस," मास्तर म्हणाले. त्यांनी ते रागाने म्हटलं नाही, पण बाईंचं सांत्वनही केलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, "बाळ वाचलं?"

"वाचलं."

"उद्या किती वाजता आहे सुनावणी?"

८

मोठ्या साहेबांनी मास्तरांना बघून खुर्ची पुढे केली. मास्तर बसले नाहीत. "टँकरवाल्याची चूक नाही. मला रंग दिसत नाहीत आणि मी ते तपासून घेतलं नाही," एवढंच त्यांनी सांगितलं. दोन वाक्यांत चाळीस वर्षांचं नाव पुसलं गेलं. टँकरवाल्याचा परवाना वाचला. तो मास्तरांकडे बघायला तयार नव्हता. बाळाची आई आली नव्हती आणि तिने मास्तरांना माफ केलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

साहेब फाइल मिटत होते तेवढ्यात मास्तर म्हणाले, "मिटू नका. चष्मा सुटल्यापासून मी सतरा जमिनी पास केल्यात. ही एक झाली."

साहेबांनी फाइल पुन्हा उघडली. सतरा जमिनी, आणि त्यांच्या खालच्या अंगाला कुठे दोन विहिरी, कुठे चार.

मंगळवारी सकाळी मातीबाई मास्तरांना घेऊन दुसऱ्या शेतावर गेल्या. गाडी कचेरीची होती, चालवायला टँकरवाला आला होता. साहेबांनी पाठवलं म्हणून आलो, असं त्याने दोनदा बजावलं. शेतावर पोचल्यावर मास्तरांना खुणा शोधायला नकाशा लागला नाही. सोळाच्या सोळा जागा त्यांना पाठ होत्या. कुठल्या बांधापासून किती पावलं, खाली किती घरं, घरांत किती माणसं, सगळं.

टँकरवाल्याने खड्डा खणला. मास्तर आधार घेत आत उतरले, माती चिमटीत घेतली, चुरली, हुंगली. "पोयटा. खाली रेती." मग त्यांनी मान वर केली. "आता तू सांग. मोठ्याने सांग, आणि माझी गय करू नकोस."

बाईंनी बाजू तासली, पाणी मारलं आणि रंगवही उघडली. खरं तर वहीची गरज नव्हती.

"राखाडी," त्या म्हणाल्या.

"कुठपासून?"

"वीतभर खालपासून."

"ठिपके?"

"आहेत. खूप आहेत."

खालच्या अंगाला सात घरं होती. एका घरासमोर दोरीवर कपडे वाळत होते, बरेचसे लहान मुलांचे. मास्तरांना ते दिसत होते की नाही कोण जाणे, पण तोंड त्यांनी तिकडेच केलं होतं आणि खड्ड्यात उभ्या उभ्या ते रडत होते. टँकरवाल्याने फावडं खाली ठेवलं, काही न बोलता वळला आणि त्या सात घरांना विहिरीचं पाणी पिऊ नका म्हणून सांगायला उतारावरून पळत सुटला. बाईंनी मास्तरांना वर घेण्यासाठी हात पुढे केला. अजून पंधरा जमिनी बाकी होत्या.